अक्काच्या देव्हाऱ्यात राहिलेली पायडलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, चहा यायला वेळ आहे. हा किस्सा मी इतकी वर्षं अर्धाच सांगत आलो, आणि त्या अर्ध्यावरच लोक पोट धरून हसायचे. आज सगळा सांगतो.

तर झालं काय, की शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला धुळ्याच्या एका मंडळाने धुळे ते इंदूर सायकल सहल काढली. मी बावीस वर्षांचा, नुकताच बी.कॉम. झालेला आणि शहाणपणात कुणाला हार न जाणारा. दिलं नाव ठोकून. सहल शनिवारी दुपारी धुळ्याहून सुटायची होती आणि आम्ही राहायचो जळगावला. मधे नव्वद किलोमीटर. इंदूरपर्यंत सायकल हाणणाऱ्याला नव्वद म्हणजे काय हो? पण मी ठरवलं, सायकल एस.टी.च्या टपावर टाकायची आणि आपण आत बसून जायचं.

गल्लीत जो तो अडवून विचारायचा, बाबा रे, सायकल चालवायलाच चाललास ना, मग सायकल बसवर कशाला? मी त्यांना ताकद राखून ठेवण्याचं शास्त्र समजावून सांगायचो.

खरं कारण निराळं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, डाळ मिलमध्ये कामाला होते आणि रोज सायकलने जायचे. त्या सायकलला मडगार्ड नव्हतं, कॅरियरला सुतळी गुंडाळलेली, आणि घंटी अशी की चाक खड्ड्यात गेलं की आपोआप वाजायची. एका संध्याकाळी आबा जवळ आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिलीप, मी ऊ का एरंडोल लगून संगे? वाटमा गप्पा व्हतीन."

वाटेतल्या एरंडोलपर्यंत सोबत येतो म्हणता म्हणता आबा सायकलने थेट धुळ्यापर्यंत येणार हे मला ठाऊक होतं. मग तिथल्या पँट-बुटातल्या पोरांसमोर ती टोपी, तो पायजमा, ती घंटी. मला लाज वाटली. उगाच दुसरा शब्द कशाला वापरू? म्हटलं, आबा, मी बसने चाललोय. ते "बरं" म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

इकडे मायने पंचांग काढलं. शनिवार, त्यात अमावस्या. मायने कपाळाला हात लावला. पण तिच्याकडे उपाय होता, प्रस्थान ठेवायचा. म्हणजे आपल्यासोबत जाणारी एखादी वस्तू आधीच्या चांगल्या दिवशी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरायचं, आणि प्रत्यक्ष निघताना ती वस्तू उचलून पुढे जायचं. एकदा बाहेर पडलेली वस्तू प्रवास पुरा झाल्याशिवाय घरात परत आणायची नाही.

आम्ही पडलो शिकलेले. मी हसत सुटलो. टपावर वाकतील म्हणून सायकलची पायडलं मी नुकतीच काढून ठेवली होती. मायची गंमत करायची म्हणून तीच कागदात गुंडाळली आणि शेजारच्या सुमन अक्काकडे नेऊन दिली. त्या भल्या बाईने पायडलांना हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं.

शनिवारी पहाटे आबा मोरीत आंघोळीला गेलेत असं पाहून मी घाई केली. ते बाहेर आले असते तर बसस्टँडवर पोचवायला आले असते. मायने हातावर दही दिलं, अक्काकडून प्रस्थान उचल म्हणून बजावलं. मी हो हो म्हणत सायकल ढकलत निघालो, आणि अक्काच्या दारावरून तसाच पुढे गेलो.

धुळ्याला हमालाने सायकल खाली उतरवली. बघतो तर पायडलं गायब! मी हमालाला धरलं. कंडक्टरला धरलं. एस.टी.त प्रवाशांच्या मालाला संरक्षण नाही, अशा अर्थाचं भाषण केलं. माणसं जमली. हमालाने बिचाऱ्याने मुंडासं सोडून झटकून दाखवलं. मग आतून कंट्रोलर आला, चष्मा पुसत.

"पायडलं काढली कोणी?"

"मी."

"ठेवली कुठे?"

चारचौघांत काय सांगू, देव्हाऱ्यात? हमालाने मुंडासं पुन्हा बांधलं आणि निघून गेला. इथे लोक हसायचे, तुम्हीही हसलात.

स्टँडजवळच्या सायकलच्या दुकानात दहा मिनिटांत दुसरी पायडलं बसली. दुपारी नारळ फुटला, भाषणं झाली, दोन वाजता आम्ही सोळाजण आग्रा रोडला लागलो. सोनगीरला चहाला थांबलो, कुणाचं तरी चाक पंक्चर झालं, ते निघेपर्यंत ऊन कललं.

सोनगीर सोडलं आणि मागचा एकजण म्हणाला, कुणीतरी बाबा सायकलवरून हात हलवतोय, घंटी वाजवतोय. मी मान वळवली. ट्रकच्या धुळीत एक पांढरी टोपी दिसली. खान्देशात पांढऱ्या टोप्या काय कमी आहेत? मी म्हटलं, म्हातारा शर्यत लावतोय रे, होऊ दे! आणि सोळाच्या सोळाजणांनी अशी सायकल हाणली की टोपी दिसेनाशी झाली.

आठ दिवसांनी परत आलो. येताना मात्र धुळ्याहून सायकलनेच आलो, गल्लीत हार घालून घ्यायचा होता. संध्याकाळी ओट्यावर मैफल जमली. मी पायडलांचा किस्सा सांगितला, मग सोनगीरच्या म्हाताऱ्याचा. तो कसा डुलत होता, कसा मागे पडला, सगळं उठून करून दाखवलं. लोक लोळले. आबाही हसले, टोपीने डोळे पुसत हसले.

मग सुमन अक्काने मला घरात बोलावलं आणि हातात एक पुडकं दिलं. कागद तोच, आतल्या पायडलांवर कुंकू तसंच.

"हाई तुन्हं प्रस्थान," ती म्हणाली. "तू इसरी गया म्हनीसन तुन्ही माय रडी राहिंती. तुन्हा आबा हाई खिसामा टाकीसन धुळाले गया. मंग सोनगीर लगून गया. दुसरा दिन उना आनि माले म्हने, घरमा नेता येत नही, तुन्हाकडेच ऱ्हाऊ दे. पोऱ्या हातमा उना नही म्हने, इतला जोरमा पळस."

मी पायडलं पुन्हा त्याच कागदात गुंडाळली.

रात्री जेवताना मी एवढंच विचारलं, आबा, बसने का नाही गेलात? ते ताटातून मान वर न करता म्हणाले, "बसमा गर्दी व्हती."

सोनगीरचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. उलट पुढे घरी कुणी पाहुणे आले की आबाच म्हणायचे, "दिलीप, ती म्हातारानी गोष्ट सांग ना." आणि मी सांगायचो. त्यांच्यासमोर, हावभाव करून. ते दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे, म्हणून हा किस्सा अर्धाच राहिला. आता आबा नाहीत, आता अर्धा सांगवत नाही.

आजही जळगावात चार लोक मला इंदूरवाला सायकलपटू म्हणून ओळखतात. त्यांना कोण सांगणार, की त्या शनिवारी आमच्या घरातून धुळ्याला सायकलने गेलेला माणूस एकच होता, आणि तो मी नव्हतो.