सांडपाण्याच्या तळ्यात सोडलेला द्रोण

लोक सुट्टीत डोंगर बघायला जातात, मी गेले सांडपाण्याचं तळं बघायला. हसा खुशाल. उमरग्याजवळच्या गावातून मामाचा फोन आला होता: तळ्याची पूजा आहे, ये, पुढच्या वर्षी तळं असेल का नसेल कोण जाणे. त्याचा पडलेला आवाज ऐकला आणि मी बॅग भरली.

सोलापूरहून सकाळची एसटी धरा. नळदुर्गच्या पुढं ट्रकांच्या रांगा थेट उमरग्यापर्यंत सोबत करतात. स्टँडबाहेर भजी गरम मिळतात, चहा मात्र गोडमिट्ट. गावाकडं जाणारी रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पाण्याची बाटली आणि सबुरी दोन्ही जवळ असू द्या.

पूर्वी या गावाचं सांडपाणी गल्लीतून वाहायचं. आता ते गावाखालच्या तळ्यात एका टोकानं येतं, दिवसचे दिवस संथ पडून राहतं. घाण तळाशी बसते, उरलेलं काम ऊन-वारा करतात आणि दुसऱ्या टोकानं निघालेलं पाणी मामाच्या पेरूच्या बागेला जातं. या पाण्यानं बाग जगवली म्हणून बायका दरवर्षी पानाच्या द्रोणात दिवा ठेवून तो तळ्यात सोडतात. द्रोण पलीकडच्या तोंडाशी लवकर पोचला की पूजा पावली, असा सगळ्यांचा समज. गटाराच्या पाण्याचे असे उपकार मानणारी माणसं मी दुसरीकडं पाहिलेली नाहीत.

हल्ली मात्र बाहेर पडणाऱ्या पाण्याला वास यायचा, ठिबकच्या नळ्या तुंबायच्या. तळं बुजवून पाणी ओढ्यात सोडा, असं गावात घाटत होतं. मामाच्या रानात विहीर नाही. तळं गेलं की बागही गेली, हे तो बोलत नव्हता, पण जेवतही धड नव्हता.

संध्याकाळी पूजा झाली. द्रोण मधोमध सरळ रेषेत निघाले आणि आरती संपायच्या आत पलीकडं पोचले. बायका खूश, मीही टाळ्या पिटल्या. घरी मामीनं गरम हुग्गी वाढली, वर तुपाची धार. त्या गव्हाच्या खिरीसाठी तरी उमरग्याकडं जाच. वाढता वाढता मामी सहज म्हणाली, "पहिल्या सालाला द्रोण तळंभर हिंडायचे. दिवा इझला तरी पोचायचे न्हाईत."

मामाचा घास हातातच राहिला.

"मग पाणी बी असंच पळतंय की," तो म्हणाला. "थांबतच न्हाय ते."

सकाळी तो लांब बांबू घेऊन तळ्यावर गेला, मागोमाग मी नाक दाबून. दोन्ही काठांनी बांबू हातभर खाली गेला की गाळात रुतायचा. पाण्याखाली गाळाचे नुसते ढीग, आणि मधे जेमतेम नालीएवढी खोल वाट. आलेलं पाणी त्याच वाटेनं घाणीसकट बाहेर पडत होतं. तळं दिसायला भरलेलं, पण पाण्याला टेकायला जागाच उरली नव्हती. मामानं माणसं गोळा केली, ज्याला त्याला बांबू रोवून बघायला लावला. इतकी वर्षं द्रोण झटक्यात पोचतो म्हणून आपण खूश होत होतो, आणि तो पोचत होता या गाळामुळं, हे कळल्यावर म्हातारी माणसंसुद्धा हसायला लागली. तळं बुजवायचं रद्द झालं. उन्हाळ्यात ते रिकामं करून गाळ काढायचा आणि वाळवायचा, असं ठरलं. मला निघताना मामानं पिशवीभर पेरू दिले. मामीच्या पाया पडले तेव्हा मला खरंच भरून आलं.

गाळ निघाला. यंदा पूजेला मला जाता आलं नाही, पण सोलापुरात देवापाशी दिवा लावत होते तेवढ्यात मामीचा फोन आला.

"आरती झाली, जेवणं झाली," ती म्हणाली. "द्रोण अजून मदीच हिंडतोय."

मागून मामाचं हसू ऐकू येत होतं. मी देवाला हात जोडले आणि म्हटलं, पोचू देऊ नकोस रे इतक्यात.