काचेपलीकडचे बाबा

आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायलाच हवं, कारण ज्यांना सांगायचंय त्यांना सांगता येत नाहीये!

आमच्या लॅबमध्ये आज एका तान्ह्या बाळाची लघवी तपासायला आली. त्यातली बारीक बारीक ॲसिड्स मशीनच्या नळीतून एकेक करून बाहेर पडतात, आणि प्रत्येकाचा स्क्रीनवर एक डोंगर उमटतो. एका ठरलेल्या जागी डोंगर आला, की बाळ आजारी.

बाळाचे बाबा दाराच्या काचेला नाक लावून उभे होते. स्क्रीनवर अजून नुसती सरळ रेषा सरकत होती. ती बघून ते मटकन खालीच बसले. मी धावत बाहेर गेले.

"ताई, रेषा सरळ झाली… गेलं का हो बाळ?"

"अहो दादा, हे हृदयाचं मशीन नाहीये! लघवी तपासतंय, वेळ लागतो त्याला."

"मग जरा पळवा की त्याला!"

"पळवलं तर सगळी ॲसिड्स एकात एक मिसळतात. थांबायलाच लागतं."

मग मी आत, ते बाहेर, दोघंही जणू त्या नळीतच अडकलेलो. डोंगर येत होते, जात होते. शेवटी ती जागा आली आणि रेषा सपाट निघून गेली. सपाट! मला उड्या माराव्याशा वाटल्या. पण निकाल डॉक्टरांनीच सांगायचा, आम्हाला मान हलवायलाही बंदी. आणि डॉक्टर अजून राउंडवर! मी चेहरा कोरा ठेवून बसलेय, आणि तो बघून काचेपलीकडचा चेहरा उतरत चाललाय.

तुमच्या घशात कधी अडकलीये का हो अशी चांगली बातमी?