हा दिवा कोणासाठी?

"हा दिवा कोणासाठी जळून राहिला?"

काकांचं हे वाक्य तुम्ही ऐकलेलं नसेल, पण असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात नक्की असेल. खोलीत शिरल्यावर जो माणसांकडे नंतर बघतो आणि चालू पंख्याकडे, गळक्या नळाकडे आधी. आमचे काका आधी छताकडे बघत, मग भिंतीकडे. तेवढ्यात त्यांचा उजवा हात आपोआप उठे, बटणावर जाई आणि टक्. खोलीत कोणी असलंच तर मग त्या काळोखात ते "हॅलो" म्हणत.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही अमेरिकेत बेलव्ह्यूला राहत होतो. नवरा रेडमंडच्या सॉफ्टवेअर कंपनीत आणि मी बसने तासभर जाऊन एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात. तिथे भारतीय भाषांतल्या पुस्तकांच्या नोंदी करायचं काम माझ्याकडे होतं. ही पुस्तकं तळघरात होती. एका दुपारी दोन कपाटांच्या मध्ये उकिडवी बसून मी खालच्या फळीवरची पुस्तकं तपासत होते. टक् झालं आणि डोळ्यांपुढे मिट्ट काळोख.

"अगं आई गं!" मी किंचाळले.

"अरे बाप्पा! आपल्या इकडच्या आहात काय?" काळोखातून उत्तर आलं.

दिवा लागला. समोर पिवळा रेनकोट घातलेले साठीकडे झुकलेले एक गृहस्थ उभे होते. कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा, चष्मा कपाळावर.

"घाबरल्या का जी? सॉरी. मी पाहून राहिलो होतो, हा दिवा कोणासाठी जळून राहिला."

"माझ्यासाठी!" मी जरा तडकूनच म्हणाले.

"मग बरोबर आहे," असं अगदी गंभीरपणे म्हणून ते निघून गेले. दोन मिनिटांनी परत आले. "जयभीम राहूनच गेला. ताई, तुम्ही चहा पिता का?"

हेच ते काका. मूळचे नागपूरकडचे. विद्यापीठाच्या देखभाल विभागात इलेक्ट्रिकल इंजिनिअर. बायको काही वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी क्युपर्टिनोला. अमेरिकन सहकारी त्यांना 'मिस्टर ऑफ' म्हणत आणि काकांना ते नाव मनापासून आवडे. विद्यापीठात तेव्हा पर्यावरण म्हणजे कागदासाठी ठेवलेला एक निळा डबा, आणि त्यात लोक सफरचंदाचे बुडखे टाकत. काकांच्या मते वीज वाचवणं ही तिथली सगळ्यात सोपी गोष्ट होती आणि म्हणूनच ती कोणी करत नव्हतं.

आमच्या घरी जेवायला आले की ते हात धुवायच्या निमित्ताने सगळं घर फिरून येत. एकदा बाथरूमचा दिवा घालवला तेव्हा नवरा आत दाढी करत होता. "अगं, फ्यूज गेला का?" तो आतून ओरडला. स्वयंपाकघरातून आमची मुलगी शांतपणे म्हणाली, "नो डॅड, काका इज हिअर." पुढे आमच्याकडे कधी वीज गेली तरी हेच म्हणायची पद्धत पडली.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, की तुम्हाला दिव्यांचा एवढा राग का?

"राग नाही जी. राग कशाला? आमचं घर कोळशाच्या वीजकेंद्राच्या बाजूला होतं. आई कपडे धुऊन वाळत टाके आणि त्यावर राख पडून राहायची. पुन्हा धुवा. तारा आमच्या डोक्यावरून जायच्या आणि घरात कंदील. म्हणून इंजिनिअर झालो. पण अजून दिवा दिसला नं, की मला आधी आईची दोरी दिसते."

नवऱ्याला वाद घालायची खुमखुमी. तो म्हणाला, "पण काका, इथली वीज धरणांतून येते. राख कुठेय यार इथे?"

"अन् मासे? ते अंडी घालायला नदीत वर जातात, अन् धरणापाशी येऊन डोकं आपटून राहिले, त्यांना कोण विचारते?" काकांनी पोळीचा तुकडा मोडला आणि जाता जाता आमच्या हॉलमधला कोपऱ्यातला दिवा घालवला.

हे सगळं गमतीचं चाललं होतं, तोवर थँक्सगिव्हिंगची मोठी सुट्टी आली. सगळं विद्यापीठ रिकामं झालं आणि काका खुशीत एकेक इमारत घेत निघाले. वनस्पतिशास्त्राच्या इमारतीत एका बंद खोलीच्या दाराखालून लख्ख उजेड येत होता. त्यांनी किल्लीने दार उघडलं. आत माणूस नाही आणि छतभर दिवे. टक्.

सोमवारी केटी नावाच्या विद्यार्थिनीने ते दार उघडलं. ती मॉन्टानाची, उंच, केस कायम विस्कटलेले. तिच्या पीएचडीची रोपं त्या दिव्यांखाली वाढत होती. चार दिवस अंधारात राहून ती पांढरीफटक, लांबुडकी होऊन आडवी पडली होती. सगळा प्रयोग मातीत गेला.

कोणी घालवले दिवे, हे शोधायची गरजच पडली नाही. काका आपणहून वरिष्ठांसमोर जाऊन उभे राहिले. वरिष्ठ भला माणूस होता, पण त्याने स्पष्ट सांगितलं, की यापुढे आपल्या कामापलीकडे या आवारातल्या एकाही बटणाला हात लावायचा नाही. काकांनी मोठ्या मिनतवारीने एक योजना मांडली होती, ग्रंथालयाच्या तळघरात हालचाल ओळखून आपोआप लागणारे आणि विझणारे दिवे बसवायची. तीही बाजूला पडली. त्या एका योजनेसाठी त्यांनी दोन वर्षं सगळ्यांचे उंबरे झिजवले होते.

त्या आठवड्यात काकांना आवारात बघवत नव्हतं. दोन्ही हात रेनकोटच्या खिशात घालून चालायचे. दिवसाढवळ्या चालू असलेल्या दिव्याखालून जाताना उजवा खिसा नुसता हलायचा. मी चहाला बोलावलं तर म्हणाले, "ताई, मी आयुष्यभर एकच गोष्ट विचारत आलो. अन् त्या खोलीत विचारलीच नाही. उत्तर मला माहीतच आहे असं धरून चाललो." मला फार वाईट वाटलं. मी उगाच त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

पण काका खिशात हात घालून बसणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्याच दिवशी ते केटीच्या खोलीत गेले. ही हकिगत केटीनेच मला नंतर सांगितली. दारात उभे राहून, छताकडे बोट करून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हे दिवे कोणासाठी आहेत?" आधी तिला तो टोमणा वाटला आणि ती भडकली. मग तिच्या लक्षात आलं, की म्हाताऱ्याला खरोखरच माहीत करून घ्यायचंय. ती सांगत गेली आणि ते मान हलवत ऐकत राहिले. मग त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि विचारलं, "माती कुठाय?"

नवीन बी काकांनी तिच्याबरोबर बसून पेरलं. हिवाळाभर रोज सकाळी कामावर जायच्या आधी ते त्या खोलीत जाऊन पाणी घालत. पहिले कोंब आले तेव्हा मला ग्रंथालयात फोन आला. "ताई, सोडा ते काम, इकडे या! बाळ झालं!" मी धावत गेले. त्या प्रखर उजेडात चिमूटभर हिरवं दिसत होतं आणि काका नि केटी दोघंही डोळ्यांवर हात धरून हसत होती.

त्यानंतर काकांचं वाक्य तेच राहिलं, पण सूर बदलला. आता ते बटण दाबत नसत, विचारत. प्रयोगशाळेत, भटारखान्यात, पोहण्याच्या तलावावर. लोकांनाही गंमत वाटे, कारण त्यांना हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. कुणी अभिमानाने सांगे आणि कुणी बराच वेळ विचार करून स्वतःच उठून दिवा घालवे. केटीने आपल्या मैत्रिणी गोळा केल्या. प्रत्येक इमारतीत मुलं विचारत फिरू लागली. वरिष्ठांच्या कानावर हे गेलंच. केटी स्वतः त्यांना जाऊन भेटली आणि म्हणाली, की माझं नुकसान झालंय आणि तरी मीच सांगते, या माणसाला तळघर द्या.

"ट्रायल अप्रूव्ह झाली जी!" काकांनी पायऱ्यांवरूनच ओरडून सांगितलं. "पण येणारा एकच हिवाळा. कम्प्लेंटी आल्या तर सगळं कॅन्सल, अन् मी रिटायर होईपर्यंत लिफ्टा दुरुस्त करतो."

आणि कम्प्लेंटी आल्या. का ते ऐका. आपोआप चालणारा दिवा हालचालीवर जगतो आणि ग्रंथालयात येणारा माणूस हलतच नाही! तत्त्वज्ञानाचे एक वयस्क प्राध्यापक तळघरात रोज एकाच खुर्चीत बसत. पान उलटायलाही त्यांना फार वेळ लागे. त्यांच्या डोक्यावरचा दिवा सारखा जायचा. त्यांनी कडक भाषेत तक्रार केली, मग आणखी दोघांनी केली. काकांचा चेहरा उतरला. आता सगळं त्या तळघरावर होतं.

मग काकाच तिथे वाचायला बसू लागले. दुपारी चारलाच बाहेर अंधारून यायचं, वर पाऊस, आणि खाली काका पुस्तक उघडून पुतळ्यासारखे बसलेले. माणूस किती वेळ गप्प राहतो ते शिकतोय म्हणाले. त्यांनी दिव्यांची वेळ वाढवली, सेन्सर सरकवले. पण प्राध्यापकांपुढे कोणताही सेन्सर टिकेना. शेवटी काका त्यांच्या खुर्चीपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "सर, दिवा गेला तर फक्त हात वर करा. त्याला हॅलो म्हणा. मी इथे आहे, एवढंच त्याला कळायला पाहिजे."

प्राध्यापकांनी भुवई उंचावली. पण दुसऱ्या दिवशी दिवा गेला आणि त्यांचा हात वर गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आठवडाभरात सगळं तळघर हात हलवू लागलं. एरवी एकमेकांकडे न बघणारी विद्वान मंडळी काळोख झाला की हात वर करत, दिवा लागे, आणि आपण सगळेच हात हलवतोय हे दिसून हसू फुटे.

हिवाळा संपला आणि निकालाची बैठक झाली. काकांनी ठेवणीतला कोट घातला होता. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक तक्रारदार म्हणून बोलायला उठले तेव्हा मी पदराचं टोक मुठीत धरलं. ते म्हणाले, "दिवे त्रासदायक आहेत. पण मी कित्येक वर्षं त्या तळघरात बसतोय आणि तिथे आणखी कोण बसतं हे मला माहीत नव्हतं. आता आम्ही चौघं दुपारी बरोबर कॉफी घेतो. दिवे राहू द्यावेत."

मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बैठकीत टाळ्या वाजवत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण केटीने तर शिट्टीच मारली. काका मात्र छताकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी खाली येऊ नये म्हणून असेल.

त्याच एप्रिलमध्ये चौदा तारखेला विद्यार्थी भवनात जयंतीचा कार्यक्रम होता. नागपूर, मुंबई, पुण्याची माणसं, मुलंबाळं, केटी आणि तिची फौज, ते प्राध्यापकसुद्धा. काकांनी बेसनाचे लाडू स्वतः वळले होते. सभागृहातले झाडून सगळे दिवे चालू होते, अगदी स्टेजच्या मागचेही. मी मुद्दाम चिडवलं, "काका, हे दिवे कोणासाठी जळून राहिले?"

त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली. "आज राहू द्या जी. आज सगळ्यांसाठी जळून राहिले."

पुढे भराभर बदललं. एकेक इमारत काकांकडे आली. भटारखान्यातलं उष्टं खत व्हायला जाऊ लागलं, सगळ्यांना बसचा पास मिळू लागला, कागदी कपांऐवजी लोक आपले कॉफीचे मग कमरेला अडकवून हिंडू लागले. दशक संपताना पर्यावरणासाठी एक वेगळं कार्यालय उघडलं आणि दारावर 'सस्टेनेबिलिटी' अशी पाटी लागली. काकांनी एकेक अक्षर लावत पाटी वाचली. "एवढा लांब शब्द! आमची आई नुसतं घर चालवणं म्हणायची." त्या कार्यालयाची पहिली प्रमुख केटी होती.

त्याच वर्षी काका निवृत्त होऊन क्युपर्टिनोला मुलीकडे गेले. निरोपाच्या दिवशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा केटीच्या हातात दिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर पडताना सवयीने दिवा घालवला. आम्ही सगळे अंधारात उभे राहून हसत होतो आणि दारातून त्यांचं "सॉरी, सॉरी!" ऐकू येत होतं.

आता काका नाहीत. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी कामावरच होते. काय करावं सुचेना, म्हणून तळघरात गेले आणि प्राध्यापकांच्या जुन्या खुर्चीत बसून राहिले. किती वेळ बसले कोण जाणे. डोक्यावरचा दिवा गेला. मिट्ट काळोख झाला आणि मला एकदम वाटलं, काका आले.

मी हात वर केला. "माझ्यासाठी, काका," मी म्हणाले.

दिवा लागला.