वाळूवरची तेवीस अंडी

नांदेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या पात्रात आमची टरबुजाची वाडी असे. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती ती. थंडीत पाणी आटलं की पटवारी दोरी टाकून वाळूचे तुकडे वाटून द्यायचा. आम्ही त्यात हातभर खोल खड्डे घ्यायचो, शेणखत भरायचो, बी टोकायचो. कोणत्या खड्ड्यात टरबूज, कोणत्यात खरबूज, कुठलं बी वाया गेलं, हे मी वहीत लिहून ठेवी. घरात लिहिता येणारी मी एकटीच. सासरे शेजाऱ्यांना सांगत, "आमची सून खड्ड्यांची हजेरी घेती."

तुकड्याचं पाण्यात घुसलेलं टोक आम्ही पेरत नव्हतो. तिथली वाळू जाड, वेल धरत नसे. त्या वर्षी फाल्गुन संपता संपता तिथं पक्षी उतरले. राखाडी पाठ, काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय, दुभंगलेली शेपटी. आमच्याकडं नदीवरच्या असल्या सगळ्या पाखरांना सरसकट टिटव्या म्हणत. 'सुरय' हे नाव मला फार पुढं कळलं. मी टोकाकडं गेले तर एकीनं थेट माझ्या डोक्यावर झेप घेतली. खाली पाहिलं. पायापासून वीतभरावर तीन अंडी, उघड्या वाळूत. काडी नाही, पीस नाही, नुसती पोटानं दाबून केलेली वाटी. तशा नऊ वाट्या, तेवीस अंडी. नोंद केली.

ऊन वाढत होतं. कोवळ्या वेलांना आम्ही दुपारी पळसाच्या पानांचा आडोसा करतो. मला शहाणपण सुचलं आणि एका वाटीवर मी तशीच पानं उभी केली. पक्षी आला, घिरट्या घालून ओरडू लागला, पण उतरेना. वाळूवर पाय ठेवता येत नव्हता आणि अंडी तशीच पडलेली. मी पानं उपटली आणि लांब जाऊन बसले. मग तो नदीवर गेला, पोट पाण्यात बुडवून परत आला आणि ओल्या पिसांनिशी अंड्यांवर बसला. दुपारभर त्याचं हेच चाललं होतं. त्याला माझी मदत नको होती. तिथं कुणी जाऊ नये, एवढंच हवं होतं.

आठवड्याभरात तहसीलचा चपराशी आला. साहेबांचा दौरा होता आणि टोकावर वारा चांगला, म्हणून तंबू तिथंच लागणार होता.

"परवा खुंट्या ठोकायच्या हायत. जागा मोकळी ठेवा."

"तिथं तंबू लागणार न्हाई," मी म्हणाले. "अंडी हायत."

तो हसला. "नदीत कोंबड्या पाळल्या का बाई? उचला अन् तळून खा."

"तुमच्या घरी बाळंतीण असली तर तिची खाट उचलून तंबू लावता का, जमादार?"

तो गेल्यावर सासऱ्यांनी मला समोर बसवलं. "पोरी, तहसीलशी वाकडं घेतलं तर पुढच्या साली वाळू मिळायची न्हाई. टोकावर काकडी टोकली म्हणून सांग. उभ्या पिकात साहेब तंबू ठोकत न्हाईत."

"काकडी म्हटलं की चपराशी बघायला आत जाणार, मामा. अन् बघता बघता तुडवणार. जे हाय तेच सांगायचं."

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. चपराशी खुंट्या ठोकायची मोगरी घेऊन पुढं झाला, तसा सगळा थवा उठला आणि शिटून त्याचं पागोटं पांढरं करून टाकलं. तो मागं पळाला. साहेबांनी विचारलं, "यहाँ क्या बोया है?"

"कुच नै, सरकार. चिडियाँ के अंडे हैं."

"और हम कहाँ रहें?"

"वर आमराई हाय. सावली हाय, विहीर हाय. इथं दुपारी तंबूत बसवणार न्हाई."

साहेब सासऱ्यांकडं वळून म्हणाले, "अपनी बहू को समझाओ."

सासरे पुढं झाले. मला वाटलं, आता हात जोडतील. ते म्हणाले, "ती खरं बोलून राहिली, सरकार."

तंबू आमराईत लागला.

वैशाखात सतरा पिलं पाण्यावर उडाली. पुढच्या थंडीत पटवाऱ्यानं दोरी टाकली, ती आम्हाला वगळून. त्या साली आमची वाडी झाली नाही. सासऱ्यांनी मला एकदाही बोल लावला नाही, आणि लावला असता तरी मी माफी मागितली नसती.