आप्पांची मोबाईलातली मेंढरं

शिरूरला आमच्या पायरीवर वायफाय चांगलं पकडतं. त्यामुळे कंपनीतली पोरं संध्याकाळी तिथंच बसतात आणि मी खिडकीशी भाजी निवडते. मग काय, किस्से न बोलावता घरात येतात!

*

शेजारचे आप्पा धनगर. गुडघे गेले, मेंढरं विकली आणि माणूस बोलायचाच बंद झाला. समोरच्या सुनीलनं त्यांना मोबाईलवर, पायरीवरची पोरं खेळायची तो मेंढरांचा गेम घालून दिला. मेंढरं रोज चारली, की टोकन मिळतं आणि त्या टोकनाला बाजारात भाव असतो.

"भाव कशावर ठरतो रं?"

"खेळणारी माणसं टिकली तर चढतो, आप्पा. पळाली की पडतो."

"म्हंजी किंमत मेंढराला न्हाई, माणसाला हाय व्हय!"

कित्येक महिन्यांनी आप्पा हसले.

*

गेममध्ये लोकर कातरायचं बटण आहे. दाबलं की जादा टोकन! ऐन थंडीत आप्पा दाबेनात.

"थंडीत कातरतं का कुणी? काकडून मरतील!"

"आप्पा, मोबाईलात हायेत ती!"

"मग सकाळी मोबाईल हाताला गार का लागतो?"

*

मला भाव बघायला ॲप लागत नाही. भाव चढला, की पायरीवर चपलांचा ढीग! मग भाव कोसळला. पोरं एकेक करून गेम सोडून गेली. उरल्या फक्त आप्पांच्या वहाणा.

"आप्पा, तुम्ही पण विका की," मी म्हटलं.

"बाजार उठला म्हणून मेंढरं रानात टाकून यायची का, बाई?"

*

आणि हा किस्सा. आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दौंडला लेकीकडं गेले. फोन सुनीलच्या हातात दिला. "रोज चारत जा बरं. उपाशी ऱ्हायली तर मरत्यात."

सुनीलला डबल शिफ्ट लागली, विसरला! फोन उघडला, तर कळप साफ. त्याची बायको रेखा रडायलाच लागली. "आता ते परत गप होतील वो, काकू!"

धनगरांत रीत आहे. एखाद्याच्या कळपावर रोग पडला, की बाकीच्यांनी एकेक मेंढी द्यायची. सुनील दारोदार फिरला. पोरांनी आपला सोडलेला गेम परत उघडला, एकेक मेंढी विकत घेतली आणि आप्पांच्या कळपात सोडली.

आप्पा काळा चष्मा लावून आले. फोन डोळ्यांजवळ धरला. पायरीवर सगळी पोरं जमली होती.

"ही माझी न्हाईत."

"माझ्यामुळं मेली, आप्पा," सुनील म्हणाला. "ही ह्या समद्यांनी दिली."

आप्पांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग काठी आपटली.

"परकं मेंढरू जुन्या धन्याचा आवाज ऐकल्याबिगर चरत न्हाई. रोज यायचं समद्यांनी!"