दादरीचं मडकं

जळगावात कॉलेज निघालं तेव्हा इमारतीचा दगड आमच्या गावच्या गाड्यांनी फुकट वाहिला. माझी जोडी आठ दिवस जुंपलेली होती. आमची पोरं तिथं शिकणार नव्हती, तरी कोणी नाही म्हटलं नाही. कॉलेज मागतं ते गाडीभर मागतं, एवढं मात्र डोक्यात बसलं.

पुढच्या पावसाळ्यात तिथले एक मास्तर गावोगाव जुनं बी बघत आमच्या ओट्यावर आले. दादरीचं बी मिळेल का, म्हणाले. दादरी म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. बायको निंदायला गेलेली. मी उठलो आणि शेणानं तोंड लिंपलेलं अख्खं मडकं त्यांच्या टांग्यात नेऊन ठेवलं. मास्तर गोंधळले, पण बोलले नाहीत.

आमच्याकडे बी राखणं बाईचं काम. कापणीआधी ती वावरात फिरून भरलेली कणसं तेवढी खुडायची. दाणे राखेत घोळायची, कडुनिंबाचा पाला घालून मडकं लिंपायची. पेरणीला ते फोडायचीही तीच. मी तिसरी शिकलेलो, पण हे कळायला शाळा लागत नाही.

संध्याकाळी तिनं रिकामा कोपरा पाहिला. मी सांगून टाकलं.

"बठ्ठं दिन्हं? आते काय पेरशात, तुमनी अक्कल?"

त्या दिवशी भाकर मिळाली, बोलणं नाही. सकाळी धुतलेलं लुगडं नेसून ती गाडीत बसली. मी मुकाट्यानं हाकली. कॉलेजात मास्तर भेटले. तीच पुढं होऊन म्हणाली,

"भाऊ, मूठभर तुमनं. बाकी मना वावरनं."

मास्तर हसले. त्यांना मूठभरच हवं होतं. मडकं परत केलं तर गावाची रीत मोडेल, असं वाटून ते गप्प बसले होते. मडकं त्यांनी लगेच आणवलं. त्यातलं मूठभर एका काचेच्या बरणीत होतं, वर चिठ्ठी. काय लिहिलंय, तिनं मला विचारलं. गावाचं नाव होतं, आणि खाली बी राखणारा म्हणून माझं.

"गावनं नाव शे," मी म्हणालो. ती खूश झाली.

मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी तिथंच खोडून तिचं नाव घातलं असतं. मी सांगितलं नाही. मला ते तसंच बरं वाटलं होतं.

ती जाऊन पाच महिने झाले. यंदाचं मडकंही तिनंच लिंपलेलं आहे, शेणावर तिची बोटं उमटलीत. सून कालपासून विचारते, "आबा, फोडू ना? वाफसा निघून जाईल." मी म्हटलं, थांब, आधी एवढं कागदावर घेतो. त्या बरणीतलं बी तिनं राखलं होतं. मी नाही.