माझ्या वाट्याची रानतुळस

लग्न झालेल्या बहिणीने भावाला हक्कसोड लिहून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा सही करून सोडायचा आणि वर हसायचंही. मी नाही म्हटलं. वडील, आमचे आबा, गेल्यावर धायरीच्या जमिनीला माझं आणि धाकट्या भावाचं नाव लागलं, तेव्हाच सांगितलं, माझा तुकडा मी कसणार. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी बाई शेती करणार म्हटल्यावर भावकीची चांगलीच करमणूक झाली. भाऊ म्हणाला, "एक पीक काढून दाखव तायडे. नाही जमलं तर गुमान सही कर." मीही इरेला पेटलेले. कबूल म्हटलं.

पीक धरलं रानतुळशीचं. धायरीमागच्या डोंगरावर, मुरमात आपोआप येणारं हे झुडूप. पान चुरडलं की लवंगेसारखा वास दिवसभर हाताला. मी मंजिऱ्या आणून बाल्कनीत डब्यांत पेरल्या. ज्या झाडांचा वास सगळ्यात उग्र, त्यांचंच बी ठेवलं. कसबा पेठेत अत्तराचं पिढीजात दुकान चालवणाऱ्या चाचांकडे पाला नेला. त्यांनी हुंगून डोळे मिटले. "असाच आणा, सगळा घेतो." त्या आनंदात मी घरापर्यंत चालत आले, रिक्षाचं सुचलंच नाही.

लावणी झाली आणि भाऊ एकदम गोड झाला. बोअरचा पाइप माझ्या तुकड्यात आणून दिला, शेणखत ओतलं. "हात आखडू नकोस तायडे, पाणी भरपूर दे." अहो, डोळे भरून आले माझे! वाटलं, भांडलो खरं, पण शेवटी पाठचा भाऊ. रोज सकाळी बसने जाऊन मी पाणी सोडायचे. झाडं नुसती माजली. पानं तळहाताएवढी, हिरवीगार. वास मंद वाटतोय म्हटलं, तर हा म्हणायचा, "फुलावर येऊ दे की. अजून पाणी दे."

चाचांनी फांदी नाकाशी धरली, उलटी करून पुन्हा धरली. "बाई, पालक छान आलाय. मंडईत न्या." मी हट्टच धरला म्हणून त्यांनी तो पाला भट्टीत घातला. निघालं ते गवताच्या वासाचं पाणी.

मी शब्दाची पक्की. नोंदणी कार्यालयात गेले, सही केली, अंगठा दिला. बाहेर आल्यावर भावाने पेढा पुढे केला आणि हसत म्हणाला, "अगं, रानातल्या झाडाला एवढं पाणी घालत्यात व्हय? तहानलं तरच ते वास धरतंय. आबांनी बांधावरच्या तुळशीला कधी तांब्याभर तरी घातलं का?"

म्हणजे मेल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू विचारलंस कुठं?"

जमीनच हवी होती, तर तोंडावर भांडून घ्यायची. कोर्टात खेचायचं. मी रडले असते, शिव्या दिल्या असत्या, आणि वर्षभराने विसरलेही असते. याने लाड करून घेतली. आता कुणी माझ्याशी गोड बोललं की मी आधी विचारते, तुला काय हवंय? यंदा भाऊबीजेला मी गेले नाही. ताई का आली नाही, एवढंही त्याने फोन करून विचारलं नाही.